तनूनं सावडलेलं हाड

लातूर,
५ जानेवारी २०२५

आजी,

फोनवर काही सांगितलं की तू नुसतं "हाव, हाव" म्हणतेस आणि मागून मम्मीला विचारतेस, "काय म्हणून राहिली गं ती?" मला सगळं ऐकू येतं. म्हणून पत्रच लिहिते. पाटीवर बाराखडी मीच गिरवून घेतली होती तुझ्याकडून, तेव्हा वाचता येत नाही ही सबब चालायची नाही.

बातमी अशी, की मला एक हाड सापडलं. हसू नकोस. आमच्या संग्रहालयामागे, शिकवणी वर्गांच्या वस्तीत, नाल्याचं काम करताना जुन्या हत्तीची हाडं निघाली होती ना, त्याच खड्ड्यात मी रोज बसते. हे हाड हत्तीच्या पायाच्या बोटाचं आहे. मोठ्या लिंबाएवढं. त्यावर तीन आडव्या रेघा आहेत. आमच्या प्रमुख मालविका मॅडम म्हणाल्या, या खुणा दगडी हत्याराच्या असाव्यात. म्हणजे हत्ती होता तेव्हा इथे माणूसही होता, आणि त्याने तो कापला होता. आता हाड मोठ्या प्रयोगशाळेत तपासायला जाणार. तसं ठरलं तर छापून येणाऱ्या लेखात माझं नाव येईल, आणि माझी नेमणूक, जी मार्चपर्यंतचीच आहे, ती वाढेल. मॅडमनी तसा शब्द दिलाय.

पप्पांच्या मागे घर बघणाऱ्या श्रीमंतकाकांची अट तुला ठाऊकच आहे. काम आहे तोवर लग्नाचा विषय नाही, काम सुटलं की घरी. तेव्हा हे एवढंसं हाड माझ्यासाठी किती मोठं आहे बघ.

पप्पांना दाखवायचं होतं. ते नाहीत, तर तू ये. धपाटे आण.

तुझी तनू


वाडी, ता. हदगाव,
२६ जानेवारी

माझ्या तनूला आजीचे दोन मुके, दोन्ही गालांवर एकेक.

पोचले बाई सुखरूप. आज शाळेत झेंडा झाला, पोरांना बुंदी वाटली, मला बी दिली. मास्तर म्हणले, "कस्तुराबाई, लातूर कसं हाय?" मी म्हणलं, "मास्तर, तिथं मांजरा नदीत पाणघोडे लोळत होते, तुम्हाला हाय का ठावं?" मास्तरांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांना वाटलं म्हातारीला प्रवास बाधला.

यष्टीत जाताना खिडकी भेटली. मला तिकीट न्हाई, तरी कंडक्टर म्हणला, "आजी, कार्ड दाखवा वयाचं." मी म्हणलं, "माझं तोंड बघ की, त्याच्यावर लिहिलंय सगळं." समदी गाडी हसली. लोह्याच्या पुढं एक बाई शेजारी बसली, तिच्या सुनेचं पोट दुखत होतं, तिला ओवा दिला. ते असो. ओव्याचं लिहायला बसले तर कागद संपंल.

तर तुझं ते घर. मी आधी चप्पल काढली उंबऱ्याशी. दारात तो सिमेंटचा हत्ती बघून मला वाटलं देऊळच हाय. ती झाडणारी शरणम्मा, निलंग्याकडची, म्हणली, "अज्जी, चप्पल घाला, फरशी लई गार हाय." गोड बाई. पान खाऊन तोंड लाल, पण काळीज स्वच्छ. तिनं मला अर्धा चहा दिला, मी तिला धपाटा दिला.

तू सगळं दाखवलंस, मला थोडं थोडं ध्यानात राहिलं. ते लांब शिंगं, बैलगाडीच्या धुरीएवढी, ती रानबैलाची. ते शिंपले. सुसरीचा दात. अन् पाणघोड्याचा जबडा! म्हणलं तनू, ज्या लातुराला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं एवढा मोठा पाण्यातला जीव कसा राहिला गं? तू म्हणलीस, "तेव्हा पाणी होतं, आजी." मी विचारलं, "किती जुनं हे?" तू म्हणलीस, "पन्नास हजार वर्षं." मी म्हणलं, "निजामाच्या आधी का?" तर तू अशी हसलीस, अशी हसलीस की शरणम्मा पळत आली. हस बाई. तुझा बाप बी तसाच हसायचा, पोटाला हात लावून.

मग तो खड्डा. आजूबाजूला सगळी शिकवणीची घरं, भिंतीवर डॉक्टर झालेल्या पोरांचे फोटो, वर पत्र्याचं छप्पर, अन् खाली दोऱ्या बांधून चौकोन पाडलेले, पाटावर रांगोळीचे घर आखल्यावानी. तू खाली उतरलीस. गुडघ्यावर बसलीस. दाढीच्या बुरुशावानी बुरूश घेऊन एकेक खडा बाजूला सारायलीस, अन् हाडाचा तुकडा निघाला की दोन्ही हातांनी उचलून ताटात ठेवायलीस. मी वरून बघत राहिले. शरणम्मा म्हणली, "अज्जी, काय झालं?" मी म्हणलं, "काही न्हाई गं. पोरीचा हात बघायली."

मग मला आत आणून डबीतलं ते तुझं हाड माझ्या हातात दिलंस. कसं गार होतं. तीन रेघा बोटाला लागत होत्या. मेल्यावर बी सुखानं पडू दिलं न्हाई बिचाऱ्याला. वर काचेत ठेवलं, नंबर टाकला. मी तुला विचारलं, ह्यांना कुणी पाणी दिलं न्हाई का गं? तू म्हणलीस, "पाणी नाही आजी, आम्ही डिंक देतो, भुगा होऊ नये म्हणून." तेवढ्यात शाळेची पोरं आली ओळीनं, अन् तू त्यांना सांगायला गेलीस. काय सांगतीस गं तू! मास्तरणीच्या वर. मी आपली टेबलापाशी बसून ऐकत होते.

येताना नांदेडला उतरले. जरा काम होतं, ते उरकलं. काय ते सवडीनं सांगीन. तुला लई बरं वाटंल असं काम केलंय, एवढं समज. त्या दिवसापासून मला रातची झोप लागायली. तुझी माय म्हणती, "आत्या, घोरायलात तुम्ही." घोरू दे की! किती वर्षांनी घोरायले.

पायाला तेल लावत जा. गार मातीत बसतीस.

तुझी आजी कस्तुराबाई


लातूर,
३ फेब्रुवारी

आजी,

तुझं पत्र मिळालं. नीट आठवून उत्तर दे, आणि फोन नको, तुला ऐकू येणार नाही आणि मम्मी घाबरेल.

ते हाड सापडत नाहीये. त्या दिवशी मी तुझ्या हातात दिलं, मग मुलं आली. संध्याकाळी मी डबी न उघडताच कपाटात ठेवली. ती माझी चूक. परवा प्रयोगशाळेत पाठवायला डबी उघडली, तर आत कापसावर एक सुपारी. हाड नाही.

सगळा खड्डा, सगळी कपाटं पाहिली. सुपारी बघून सगळ्यांची नजर शरणम्मावर गेली, कारण इथे पान तीच खाते. तिची पिशवी सगळ्यांसमोर उलटी केली. ती नुसती भिंतीकडे बघत उभी राहिली. तिला सध्या येऊ नको म्हणून सांगितलंय.

तू हाड कुठे ठेवलंस? टेबलावर? खिडकीत? तुझ्या पिशवीत चुकून आलं असेल तर सांग, मी उद्याच्या गाडीने येते. ते मिळालं नाही तर माझं इथलं सगळं संपतं, आजी.

तनू


वाडी,
१० फेब्रुवारी

अगं शोधू नको, शोधू नको! ते सुखरूप हाय. जिथं जायला पाहिजे होतं तिथं पोचलंय.

तुझं पत्र पोस्टमननं आणलं तव्हा मी तूर पाखडत होते. वाचलं अन् हसू बी आलं अन् जीव बी हळहळला. वेडी पोरगी, किती शोधलंस! अन् त्या शरणम्माची पिशवी कामून उलटी केली? ती सुपारी माझी. पूजेची, अख्खी. पान खाणारी बाई अख्खी सुपारी कशाला ठेवील, कातरून न्हाई का खाणार? एवढ्या शिकलेल्या मॅडमला हे समजंना? सांग तिला, आजीनं ठेवली. देवाच्या जागेवरून काही उचललं तर जागा रिकामी ठेवू नये, म्हणून ठेवली.

आता सांगते. सवडीनं सांगणार होते, पण तुझा जीव टांगणीला नको.

करोनात तुझ्या बापाला, बालाजीला, नांदेडला दवाखान्यात नेलं, त्याच्या मागं आपल्याला तो दिसलाच न्हाई. तव्हा रीतच तशी होती, कोणाला बोल लावायचा? परस्पर नेलं, परस्पर दिलं अग्नीला. तिसऱ्या दिवशी मी मडकं धुऊन ठेवलं होतं राख आणायला. श्रीमंत जाऊन रिकामा आला. म्हणला, "काकू, तिथं कुणाची कोणती ते कळंना." तू ओट्यावर बसली होतीस. तू मला विचारलंस, "आजी, पप्पांचं काहीच नाही का आणायचं?" मी उठून गोठ्यात गेले. ते तुझं विचारणं माझ्या कानात तसंच राहिलं होतं. रातची झोप लागंना.

अन् त्या दिवशी मी खड्ड्याच्या वर उभी, तू खाली. गुडघ्यावर बसून, राखेसारखी माती हळू हळू बाजूला सारून, हाड दोन्ही हातांनी उचलून ताटात. तनू, सावडणं म्हणतात ते दुसरं काय असतंय गं? मला असं लख्ख दिसलं. म्हणलं, आपल्या पोरीला बापाची राख सावडायला भेटली न्हाई, तर ती रोज इथं कुणाची ना कुणाची सावडत बसलीय. अन् सावडून ठेवून देतीय कपाटात. पुढं न्यायला कुणी न्हाई. तुमच्याकडं सगळे शिकलेले, पण नदीवर जायचं एकाच्या ध्यानात न्हाई आलं.

म्हणून तुझं तेच हाड घेतलं, तुझ्या हातानं निघालेलं. दुसरं नसतं घेतलं मी. पदराला बांधलं. चोरी म्हणून न्हाई, तसं असतं तर सुपारी ठेवली असती का?

नांदेडला उतरून आटो केला, गोवर्धन घाटाला गेले. आटोवाला म्हणला, "आजी, एकट्याच?" मी म्हणलं, "एकटी कुठं, लेक हाय संगं." तो मागं बघायला लागला. बिचारा घाबरला!

आपली गोदा-गंगा लई शांत होती. मी पायरीवर बसले, हाड पाण्यानं धुतलं, हळदकुंकू लावलं, तीळ वाहिले. ते ब्राह्मणाचं मला काही येत न्हाई. मी आपलं साधं म्हणलं, "बालाजी, हे तुझ्या लेकीनं सावडलंय. तिच्या हातचं घे, अन् आता कुठं फिरू नको." अन् सोडलं. कोणाचं का असंना हाड, जीव तो जीव. त्या हत्तीची बी सुटका झाली. पन्नास हजार वर्षं वाट बघून राहिला होता म्हणे. त्याच्या बी मागं कुणी असंल की.

पाण्यात सोडलं तव्हा मी रडले न्हाई. हसले. शेजारची बाई बघायला लागली. मी तिला म्हणलं, "माझ्या लेकाचं आज झालं सगळं." ती म्हणली, "कधी गेले?" मी म्हणलं, "आत्ताच."

तर आता मॅडमला सांग, हाड वाया गेलं न्हाई, लई मोठ्या कामाला आलं. त्यांना बी बरं वाटंल. अन् तुझ्या विचारण्याचं उत्तर हे असं, जरा उशिरानं. आणलं गं बाई पप्पांचं. आणलं अन् पोचवलं.

तुझी आजी


लातूर,
१७ फेब्रुवारी

आदरणीय मालविका मॅडम,

सप्रेम नमस्कार. समोर येऊन हे बोलण्याचं धाडस झालं नाही, म्हणून लिहून देत आहे.

पायाच्या बोटाचं ते हाड माझ्याकडून हरवलं आहे. शाळेची मुलं आली त्या दिवशी मी ते परवानगी न घेता डबीतून काढलं होतं. ते परत जागेवर गेलं की नाही हे न बघता मी कपाट लावलं. आता ते मिळणार नाही, याची मला खात्री झाली आहे. डबीतली सुपारी आमच्या घरातली, पूजेची आहे. शरणम्मा कातरलेली सुपारी खाते, हे मी त्याच दिवशी बोलायला हवं होतं. तिचा याच्याशी काहीही संबंध नाही. कृपा करून तिला उद्यापासून कामावर बोलवावं, आणि जमलं तर सगळ्यांसमोर तसं सांगावं, कारण पिशवीही सगळ्यांसमोरच पाहिली गेली होती.

वस्तू कुणी बाहेर नेली असं ठरलं तर तुम्हाला तक्रार द्यावी लागेल, हे मला माहीत आहे. कुणी नेली नाही, मॅडम. मी हरवली. यापेक्षा जास्त मला विचारू नका.

खुणांचे फोटो आणि मोजमापं मी नीट लावून टेबलावर ठेवली आहेत. नुसत्या फोटोवर कुणी काही मान्य करणार नाही, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत. मार्चनंतर माझी नेमणूक वाढणार नाही, याची मला कल्पना आहे. माझी त्याबद्दल काही तक्रार नाही.

तुम्ही मला खूप शिकवलंत.

आपली,
तनुजा


लातूर,
२ मार्च

आजी,

उत्तराला उशीर झाला. तुझं पत्र वाचल्यावर मी तुला दोन पत्रं लिहिली आणि टाकली नाहीत. त्यांत काय होतं ते विचारू नकोस. पहिल्यात तर मी तुला आजीसुद्धा म्हटलं नव्हतं. मग एका संध्याकाळी सगळे गेल्यावर खड्ड्यात जाऊन बसले. बुरूश हातात घेतला. तू म्हणालीस तसंच दिसतं गं. मला इतके दिवस कसं दिसलं नाही?

चांगलं केलंस.

मला थोडं सांग. पाणी किती होतं? पायऱ्या उतरताना तुझा हात कुणी धरला होता का? हाड लगेच बुडालं, की थोडा वेळ दिसत होतं? मला ते सगळं नीट हवंय. आणि पप्पांना माझं नाव घेऊन सांगितलं असशील, तर ते "तनुजा" म्हणून की "तनू"? ते मला तनू म्हणत नव्हते, बाळ्या म्हणायचे.

शरणम्मा परत कामावर आली. तुला नमस्कार सांगितलाय. मॅडमना मी सांगितलं, त्या काही रागावल्या नाहीत. पण हाडाची गोष्ट आता आपल्या दोघींतच ठेव. मास्तरांना नाही, काकांना नाही, मम्मीलाही नाही. माझी शपथ आहे. अशा गोष्टी बोलून दाखवल्या की त्यांचं पुण्य जातं, असं तूच म्हणतेस ना?

आणि एक. माझं इथलं काम संपलं. होळीला सामान घेऊनच येते. काकांना तसं सांग, म्हणजे वेगळं पत्र नको.

तनू


वाडी,
८ मार्च

माझी बाळ्या गं,

सामान घेऊन येतीस! तुझ्या मायला सांगितलं तर तिनं चुलीवरचं दूध उतू घालवलं. मी म्हणलं, जाऊ दे, शकुन हाय.

तू विचारलंस ते सांगते. पाणी गुडघ्याला लागंल एवढं होतं पायरीशी. हात कुणी धरला न्हाई, पण पाय घसरला न्हाई बघ, आटोवाल्यानं वरून ओरडून सांगितलं, "आजी, शेवाळ हाय, डावीकडून उतरा." हाड लगेच गेलं. एक गोल उमटला पाण्यावर, तो मोठा होत होत पार पलीकडं गेला. अन् नाव मी तनू म्हणलं होतं. बाळ्या तव्हा मला आठवलंच न्हाई गं. पण बापाला कळलं असंल, त्याला काय एकच लेक. तरी तू म्हणतीस तर आज तुळशीपाशी बसून परत एकदा नीट सांगितलं. बाळ्यानं पाठवलं होतं म्हणून.

कुणाला बोलले न्हाई. मास्तर खोदून खोदून विचारायलेत लातूरचं, मी त्यांना पाणघोड्यावरच ठेवलंय.

श्रीमंतला तुझं काम संपल्याचं सांगितलं. तो लगेच उठला, धर्माबादच्या एका स्थळाला फोन लावला. मिरचीचा व्यापार हाय त्यांचा, पोरगा सभ्य हाय, फोटोत तरी. होळीच्या दुसऱ्या दिवशी बघायला येतेत. ती निळी साडी मी उन्हात टाकून ठेवलीय, वास जायला. मला इतकं बरं वाटायलं तनू, की काय सांगू. बालाजीचं झालं, आता तुझं होईल. कुणाचं काही राहणार न्हाई.

काम इतक्या लवकर कसं संपलं म्हणून तुझी माय विचारीत होती. मी म्हणलं, अगं, सावडायचं काम कुठं जन्मभर पुरतंय? सावडलं, नदीला दिलं, झालं.

अन् एक ध्यानात ठेव बाई, तुला कुणी शिकवलं नसंल. असं काम उरकून निघालं की मागं वळून बघायचं नसतंय. निघताना त्या खड्ड्याकडं बघू नको, त्या काचेच्या कपाटाकडं बघू नको, शरणम्मानं हाक मारली तरी तिला पुढूनच हात हलव. यष्टीत खिडकीशी बस अन् सरळ घराकडं तोंड करून ये.

मी फाट्यावर उभी राहीन.

तुझी आजी